धाकट्या खारीचे उसने गडी

थळच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी धाकटी खार नावाची आगऱ्यांची वस्ती होती. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीतलं भात आणि उन्हाळ्यात मीठ, यावर तिथली घरं चालायची. अशा ठिकाणी फुटबॉल कुठून आला, असं बाहेरचा माणूस हमखास विचारायचा.

तो आणला मीठ खात्याच्या एका गोऱ्या इन्स्पेक्टरनं. टेकाडावरच्या बंगल्यात तो एकटाच राहायचा. संध्याकाळी त्याला करमायचं नाही, मग मिठागरावरच्या जवान गड्यांना हाका मारून कापणी झालेल्या भातशेतात चेंडू लाथाडायला लावायचा. चार वर्षांनी त्याची बदली झाली. जाताना त्यानं चामड्याचा चेंडू, हवा भरायचा पंप आणि शिट्टी बुधाजीच्या हातात दिली. इतर कुणाला नाही आणि त्यालाच का, तर खेळ संपल्यावर चेंडूचा चिखल धुऊन, पुसून तो बंगल्यावर पोचवणारा बुधाजी एकटाच होता.

बुधाजी तेव्हा पंचविशीचा असेल. उंचीनं बेताचा, खांदे रुंद, बोलणं कमी. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याचे आईबाप एका आठवड्यात गेले, तेव्हापासून धाकटा भाऊ शिवदास त्यानंच वाढवला. लग्न होऊन सोनूबाई घरात आली, पण मूलबाळ झालं नाही. म्हणून शिवदास हाच त्या घरातला भाऊ आणि तोच मुलगा.

साहेब गेल्यावर खेळ बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं. बुधाजीनं तो पडू दिला नाही. दिवसभर मिठाच्या वाफ्यांत फावडं ओढून गडी थकलेले असायचे, तरी उन्हं कलली की बुधाजीची शिट्टी वाजायची आणि एकेक जण बांधावरून उतरून शेतात यायचा. म्हातारी माणसं हसायची. हळूहळू तीही बांधावर येऊन बसायला लागली. या जमावाला लोक 'किलब' म्हणू लागले आणि बुधाजीला 'कप्तान'.

किलबात तीन गडी असे होते की त्यांच्यासाठी थळची आणि रेवदंड्याची माणसं खेळ बघायला चालत यायची. पहिला शिवदास. तो चेंडू घेऊन कडेकडेनं सुटला की मागं लागलेल्याला नुसती त्याची पाठ दिसायची. दुसरा दादू. हा कनकेश्वराच्या डोंगरामागचा कुणबी, मिठाच्या हंगामात मजुरीला यायचा. अंगानं आडवा, आवाजानं गडगडाटी. त्याला ओलांडून गोलाकडं जाणं म्हणजे भिंतीतून जाणं. तिसरा अंबाजी, तोही दादूच्याच गावचा. तो गोल राखायचा. बूट कुणाकडेच नव्हते. मिठात उभं राहून राहून पायांचे तळवे असे टणक झाले होते की बुटाची गरजही कुणाला वाटली नाही.

एका उन्हाळ्यात परळच्या एका गिरणीचा संघ अलिबागला हवा खायला आला. गिरणीचे हेडक्लार्क गुप्ते हे त्या संघाचे सर्वेसर्वा. मूळचे रोह्याकडचे, बोलायला गोड, फुटबॉलचं वेड अस्सल. कुणीतरी त्यांना धाकट्या खारीच्या किलबाबद्दल सांगितलं आणि त्यांनी गमतीनं सामना ठरवला. ती गंमत संध्याकाळपर्यंत टिकली नाही. शिवदासनं दोन गोल केले, दादूनं एकही गोल होऊ दिला नाही आणि गिरणीचे बूटवाले गडी वाळूत तोंडं लपवत बसले.

गुप्ते चिडले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी टांगा करून थेट वस्तीत आले आणि बुधाजीच्या ओट्यावर बसले.

"बुधाजी, एक मागणं आहे. ही तिघं मला उसनी दे. मुंबईत फुटबॉलचा हंगाम पावसाळ्याचा. तुमचं मीठ तेव्हा बंदच असतं. गिरणीत हलकं काम देतो, चाळीत खोली देतो. दसऱ्याला तुझी माणसं तुला परत."

"परत म्हंजे नक्की परत?" बुधाजीनं विचारलं.

"अरे, उसनं म्हटलं ना मी!"

बुधाजीच्या डोळ्यांसमोर मुंबईचं मैदान उभं राहिलं. आपल्या शेतात, आपल्या शिट्टीवर शिकलेले गडी गोऱ्या पलटणींसमोर उतरणार. त्यानं नुसती मान हलवली.

गुप्ते गेल्यावर सोनूबाई आतून बाहेर आली. "उसनं द्याला मानसं म्हंजे काय सूप-चालन हायेत?" ती म्हणाली. "आनि शेताची लावनी कोन करल?"

"मी करीन. चार महिन्यांचा सवाल हाय," बुधाजी म्हणाला. "सगला गाव छाती फुगवून फिरंल, बघ तू."

तसंच झालं. तिघं रेवसच्या लाँचवर चढले तेव्हा निम्मा गाव धक्क्यावर होता.

अंबाजी पंधरवड्यातच परत आला. कुणी विचारलं तर सांगायचा, "गोलात उभं राह्यलं की मागं मानसं बसत्यात. ती कानात आयाबहिनींवरनं शिव्या देत्यात. चेंडू बघू का त्यांना बघू?" लोक हसले, तोही हसला आणि पुन्हा आपल्या नांगरामागं गेला. त्या तिघांत शहाणा तो एकटाच, असं नंतर लोक म्हणाले. पण तेव्हा तो सगळ्यांना भित्रा वाटला होता.

शिवदास आणि दादू दसऱ्याला आले. अंगात गिरणीचे निळे सदरे, हातात किलबासाठी नवा चेंडू. शिवदासला मुंबई मानवली होती. कुपरेजच्या मैदानावर हजारो माणसं कशी ओरडतात, हे तो हात हलवून हलवून सांगायचा. त्याच हिवाळ्यात त्याचं लग्न लागलं. मुलगी रेवदंड्याच्या अलीकडची, नाव केसर. अंगानं बारीक, कामाला चपळ. मिठाचं टोपलं डोक्यावर घेऊन बांधावरून चालायची तर खालच्या वाफ्यात तिची सावलीसुद्धा डुगडुगायची नाही.

पुढच्या पावसाळ्यात दोघं पुन्हा गेले. या वेळी दसऱ्याला दादू एकटाच आला, तोही चार दिवसांसाठी. बायकोला, काशीला, म्हणाला की गिरणीत कायम काम दिलंय, आता बारमाही तिकडंच. शिवदास आला नाही. गिरणीच्या संघाचे पुण्याला सामने होते म्हणे.

वस्तीतल्या कुणाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुंबईच्या बातम्या यायच्या त्या मिठाच्या मचव्यांवरून. दयाराम तांडेल मीठ घेऊन मुंबई बंदरात जायचा आणि परत येताना बातम्या आणायचा. त्यानं मचवा लावला की बुधाजी चिखलातून कमरेपर्यंत भिजत सामोरा जायचा.

"काय म्हंत्यात आपले गडी?"

"शिवदासनं एका सामन्याला तीन गोल मारलं. बाजारात मानसं नाव घेतात त्याचं."

मग ती बातमी बुधाजी घरोघर पोचवायचा. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, मिठागरावर मुकादम विचारायचा, थळच्या बाजारात ओळखीपाळखीचे विचारायचे. बुधाजी ताठ उभा राहून सांगायचा, "बरे हायत. चांगले खेलतात." त्या दोन वर्षांत त्याच्यासारखा सुखी माणूस खाडीकाठी दुसरा नव्हता.

मग गिरण्यांचा मोठा संप आला. सहा महिने परळची धुराडी थंड पडली. दयारामच्या बातम्या तुटक यायला लागल्या. गिरणीनं संघातल्या गड्यांना आतच ठेवून घेतलंय, त्यांच्याकडून पहारा करवून घेतात, बाहेर पडले तर संपवाले मारतील, असं त्यानं एकदा सांगितलं. पुढच्या खेपेला म्हणाला की दादू आत गेलाच नाही. ज्या चाळीत तो राहत होता तिथं सगळी डोंगराकडचीच माणसं, सगळी संपावर. त्यांच्या तोंडावर आत जायचं त्याच्यानं झालं नाही. शिवदास मात्र आत गेला.

संप मिटला. दादूला गिरणीनं घेतलं नाही, संघानंही नाही. आणि शिवदासबद्दल दयारामनं जे सांगितलं ते बुधाजीला दोनदा विचारावं लागलं.

"कराची? म्हंजे बोटीनं जातात ती कराची?"

"ती नाय त काय. गुप्त्यांच्या शेठचा कोनी दोस्त हाय तिकडं, त्याच्या संघाला एक हंगाम दिला त्याला."

"दिला?" बुधाजी म्हणाला.

त्या दिवसापासून बुधाजीच्या उत्तरातलं 'चांगले खेलतात' गळालं. 'बरे हायत' एवढंच राहिलं. एक हंगाम गेला, दुसरा गेला. शिवदास आला नाही, त्याचा निरोप आला नाही. केसर त्याच घरात होती. ती थोरल्या दिराशी थेट बोलायची नाही, पदर पुढं ओढून दाराआड उभी राहायची. दयारामचा मचवा आला की सोनूबाई विचारायची आणि केसर ऐकायची. नंतर नंतर सोनूबाईनं विचारायचं सोडलं. किलबाचेही दिवस उतरले. चांगले खेळणारे जे उरले होते त्यांना मुंबईची चटक लागली. कुणी गोदीत गेला, कुणी ट्रामच्या कारखान्यात. शिट्टीवर सात-आठ जण जमायचे, कधी पाच.

पुढं श्रावणातल्या एका दुपारी दादूची बायको काशी डोंगर उतरून वस्तीत आली. भर पावसात, डोक्यावर इरलं, कडेवर पोर. ओट्यावर टेकली नाही, अंगणातच उभी राहिली.

"बुधाजीभाऊ, वरीस झालं, धन्याचा पत्ता न्हाय. अंबाजी म्हणतो बरा हाय. तुमी म्हणता बरा हाय. गावातलं समदं म्हणतंय बरा हाय. कुनी बघितलाय का त्याला?"

बुधाजीनं तिला ओट्यावर बसायची खूण केली.

"तुमीच धाडला व्हता. तुमीच सांगा."

सोनूबाईनं तिला आत घेतलं, पोराला पेज पाजली. दाराआड केसर उभी होती. तिच्याकडं नजर गेली तसा बुधाजी तिथून उठून गोठ्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रेवसच्या वाटेला लागला.

आयुष्यात तो पहिल्यांदाच मुंबईला जात होता. लाँच लाटांवर अशी आपटत होती की उतारू देवाचं नाव घेत होते. बुधाजी कठडा धरून बसला होता. समुद्राची भीती त्याला कधीच नव्हती. पोचल्यावर काय दिसणार याचीच होती.

विचारत विचारत तो परळच्या गिरणीत पोचला. गुप्त्यांनी त्याला ओळखलं, खुर्चीवर बसायला सांगितलं. तो बसला नाही, तरी चहा मागवला.

"शिवदास ना? अरे, तो आता आमच्याकडे कुठला! कराचीवाल्यांनी त्याला सोडलाच नाही. खेळतो फक्कड. पायात बूट घालून खेळतो आता."

"तुमी त्याला दिला त्यांना?"

"हो. म्हणजे हंगामापुरता. मग त्यांनीच ठेवून घेतला."

"पर साहेब, तो तुमचा न्हवता द्याला," बुधाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुमी मांगून नेला व्हता."

गुप्त्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या तोंडावर खरोखरच ओशाळल्यासारखं आलं. "बुधाजी, तूच कधी मागायला आला नाहीस. मला वाटलं, तुला आनंदच आहे."

गुप्त्यांनीच मग सांगितलं की कराचीचा संघ मोठ्या कपासाठी मुंबईत येतोय, येत्या शनिवारी पहिला सामना. दादूची चौकशी केल्यावर मात्र ते म्हणाले, "तो गोदीवर असतो असं ऐकलं. मला नक्की माहीत नाही."

दादू कोळशाच्या धक्क्यावर सापडला. बुधाजी त्याच्यासमोरून दोनदा गेला आणि त्याला ओळखता आलं नाही. भिंतीसारखा माणूस वाशासारखा झाला होता. कोळशाची पाटी घेऊन फळीवरून चढताना उजवा पाय ओढत होता.

"कप्तान!" त्यानंच हाक मारली आणि लगेच खोकत खाली बसला.

गोदीमागं पत्र्याच्या एका लांब छपरीत तीस माणसं राहत होती. त्यातच दादूची चटई. संप मिटल्यावर दुसऱ्या एका संघानं त्याला चार सामन्यांसाठी घेतलं होतं. चौथ्यात एका गोऱ्या शिपायाचा बूट गुडघ्यावर बसला. कुणी दवाखान्यात नेलं नाही. गुडघा तसाच जुळला, वाकडा.

"घरी का न्हाय आलास?" बुधाजीनं विचारलं.

"कसा येऊ? गेलो तवा निम्मा गाव धक्क्यावर व्हता." दादू हसला, पण त्या हसण्याचा पुन्हा खोकला झाला. "गावात सांगत असशील ना, दादू बरा हाय म्हणून? म्हटलं, सांगू दे."

बुधाजी त्याच्याजवळच राहिला. दादूच्या वाटची पाटी तो स्वतः वाहू लागला. मुकादमाला काय, पाटी वर चढल्याशी कारण. रोज संध्याकाळी काळं अंग धुऊन दोघं छपरीच्या दाराशी बसायचे आणि शनिवारची वाट बघायचे. त्या बसण्यात एकदा दादू म्हणाला, "शिवदासला रागावू नकोस. संपात तो आत गेला, मी बाहेर राह्यलो. मी त्याच्या तोंडावर थुंकलो व्हतो. तवापासनं त्याला हितं र्‍हायाचं न्हवतंच."

शनिवारी पाऊस रिमझिमत होता. दोघं दोरीच्या बाहेर, गर्दीत उभे राहिले. संघ मैदानात उतरले आणि दादूनं बुधाजीचा खांदा दाबला. "तो बघ. हिरव्या सदऱ्यातला, कडेचा."

बुधाजीनं पाहिलं. अंग भरलं होतं, केस मागं वळवलेले, पायात काळे बूट. पण चेंडू मिळाला आणि तो सुटला तेव्हा धावण्याची ढब तीच होती, डावा खांदा जरा पुढं टाकलेला. दोन माणसं मागं पडली, तिसरा घसरला आणि गोल झाला. माणसं उड्या मारत ओरडत होती, कुठल्याशा दुसऱ्याच नावानं. कराचीत त्यानं नाव बदललं होतं. बुधाजीच्या तोंडून मात्र "शिवा!" अशी हाक निघाली आणि गर्दीत विरून गेली.

सामना संपल्यावर तंबूच्या मागं भेट झाली. शिवदास चिखलानं माखलेला होता. भावाला बघून तो आधी जागच्या जागी थांबला, मग येऊन पाया पडला. दादूकडं बघायचं त्यानं टाळलं.

"घरी चल," बुधाजी म्हणाला. दुसरं काही त्यानं ठरवलंच नव्हतं.

"दादा, तिकडं माझं घर हाय."

"कसलं घर?"

शिवदास खाली बघत म्हणाला, "बायको हाय. तिकडचीच. पोरगा झालाय, सात महिन्यांचा."

"आनि केसर?"

"तिला काय सांगायचं ते तू सांग. मना तोंड न्हाय." मग एकदम तो उसळला. "तू मना कवा परत मांगितलास? दुसऱ्या वर्षी त्यांनी मना दसऱ्याला सोडलंन न्हाय, मी म्हटलं दादा येल. संपात कोंडला, तवा रोज फाटकाकडं बघायचो. कराचीला न्यायला बोटीवर चढवला तवापन बघत व्हतो. मानसं सांगत, तुझा भाव गावभर तुझे गोल सांगत फिरतो. म्हटलं, त्याला हेच पायजे."

तंबूतून कुणीतरी शिवदासला त्या दुसऱ्या नावानं हाक मारली. "आया," तो हिंदीत ओरडला. जाता जाता थांबला, दादूकडं वळला आणि म्हणाला, "पाय कसला झाला हा तुझा?" उत्तर ऐकायला तो थांबला नाही.

बुधाजी दादूला घेऊन गावी परतला. रेवसच्या धक्क्यावर दोनच माणसं होती, तीही आपापल्या कामात. तिथून बैलगाडी करून त्यानं दादूला डोंगरापर्यंत नेलं आणि वरची चढण त्याला पाठुंगळीला घेऊन चढला. काशी दारात आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग पाणी तापवायला आत गेली.

घरी आल्यावर बुधाजीनं सोनूबाईला सगळं सांगितलं, म्हणजे ती केसरला सांगेल. पण सोनूबाई म्हणाली, "मी न्हाय सांगनार. ज्यानं बघितलं त्यानं सांगावं."

केसर बांधावर होती, पावसात खचलेली माती टोपल्यानं टाकत होती. बुधाजी जवळ जाऊन उभा राहिला. तिनं पदर ओढला. तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. बायको, पोरगा, काही लपवलं नाही. सांगून झालं तेव्हा तिनं पदर मागं सारला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघितलं.

"भावजी, तुमाला कवापासून ठाव व्हतं, काहीतरी वंगाल हाय म्हून?"

"दोन वरसं."

"आनि तुमी बरं हाय, बरं हाय करीत व्हता."

"व्हय."

"मी पन मान हलवीत व्हते," ती म्हणाली. टोपलं उचलून तिनं माती टाकली आणि पुढच्या मातीसाठी वळली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं काम थांबवलं नाही. रात्री जेवली नाही.

दादू पुढच्या शिमग्यापर्यंत जगला. बुधाजी आठवड्यातून एकदा तरी डोंगर चढायचा. सुकट, मीठ, कधी शहाळं घेऊन. शेवटी शेवटी दादूला बोलायचे श्रम व्हायचे, मग दोघं नुसते बसायचे. तो गेला तेव्हा खांदा द्यायला जुन्या किलबातले अंबाजी आणि बुधाजी एवढेच होते. स्मशानातून परतल्यावर काशी बुधाजीला म्हणाली, "तुमी आणला म्हणून तो घरात मेला." ती उपकार मानते की बोल लावते, हे बुधाजीला कळलं नाही.

केसरसाठी त्यानं जे केलं त्यावर वस्तीत चार महिने बोलणं चाललं. त्यानं पंचांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की माझ्या भावानं हिला टाकली आहे, तिची काडीमोड झाली असं समजा. एक म्हातारा म्हणाला, "नवरा जिता हाय. त्यानं येऊन सांगू दे." बुधाजी म्हणाला, "तो येनार न्हाय. त्याच्या जाग्यावर मी उभा हाय. मला काय दंड करायचा तो करा." पंचांनी दंड घेतला आणि काडीमोड मानली. रेवदंड्याला एक बायको वारलेला गलबतवाला होता, वयानं जरा मोठा पण निर्व्यसनी. बुधाजी स्वतः जाऊन बोलणी करून आला. पाट लागला त्या दिवशी केसर सोनूबाईच्या गळ्यात पडून रडली. मग बुधाजीच्या पाया पडली. उठली ती सरळ होडीत जाऊन बसली.

नंतर घरात दोघंच उरली. शिट्टी वाजायची बंद झाली होती. खेळायचं शेत उधाणात बांध फुटून पाण्याखाली गेलं. मालकानं बांध बांधून घेतला नाही. दोन वर्षांत तिथं तिवरं उगवली.

शिवदास एकदाच आला, आणखी तीन वर्षांनी. पूर्वसूचना न देता, हातात कातडी बॅग, पायात बूट. सोनूबाईनं त्याला पाणी दिलं, कोलंबीचं कालवण केलं. तो जेवला, हात धुतले आणि ओट्यावर बसून राहिला. जुने लोक येऊन बघून गेले. सगळ्यांनी विचारलं, "बरा हायस ना?" आणि तो सगळ्यांना "बरा हाय" म्हणाला. उठताना-बसताना मात्र तो हातानं मांडी धरायचा. दुसऱ्या दिवशी भावाला म्हणाला, "पाय गेले माझे, दादा. क्लबवाल्यांनी सांगितलं, पुढल्या हंगामाला येऊ नको."

"हितं र्‍हा," बुधाजी म्हणाला. "तिला, पोराला घेऊन ये."

"ती यायची न्हाय. आनि मी हितं काय करू? मिठाच्या पान्यात आता पाय टाकवत न्हाय."

"मग तिकडं काय करशील?"

"बघू," शिवदास म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बुधाजी त्याला रेवसपर्यंत पोचवायला गेला. चालत गेले, कारण शिवदास म्हणाला चालूया. पण त्याला वाटेत चार ठिकाणी बसावं लागलं. एका आंब्याखाली बसले असताना त्यानं विचारलं, "केसर कशी हाय?"

"दोन पोरं हायत तिला. सुकी मासली इकते रेवदंड्याच्या बाजारात. आवाज मोठा झालाय तिचा."

शिवदासनं मान डोलावली. समोरच्या खाजणातल्या चिखलाकडं बघत त्यानं विचारलं, "खेलतं का कोनी इकडं आता?"

"न्हाय."

लाँच लागली. उतारू चढले. शिवदासनं कठड्याजवळ जागा घेतली आणि बॅग मांडीवर ठेवली. बुधाजीला काहीतरी सांगायचं होतं. त्यानं तोंडावर हात धरून ओरडून ते सांगितलंही, "मी मांगायला याला पायजे व्हता!" पण तेवढ्यात इंजिन सुरू झालं होतं. शिवदासनं कानाला हात लावून 'काय?' असं विचारलं. बुधाजीनं नुसता हात हलवला.

लाँच करंज्याच्या बाजूला वळेपर्यंत तो धक्क्यावर होता. मग बाजारातून सोनूबाईनं सांगितलेले कांदे घेतले आणि घरच्या वाटेला लागला. शिवदासबद्दल त्यानंतर कुणीच काही बातमी आणली नाही. दयारामनं कराचीला जाणाऱ्या गलबतवाल्यांकडं दोन-तीनदा चौकशी केली, पण त्याचं तिकडचं नाव काय होतं, तेच बुधाजीला नीट आठवत नव्हतं.